बाजारात तुरी

मंडळी, आधीच सांगून टाकते. मला गाडी चालवता येत नाही. सायकल येते, तीही गुडघे परवानगी देतील त्या दिवशी. त्यामुळे आजचा विषय पाहून आमच्या घरातले निम्मे लोक हसणार आणि उरलेले "आजी स्पोर्ट्‌स कारवर काय लिहितेय" म्हणून फोन करणार. जरूर करा. पण आधी शेवटपर्यंत वाचा.

२०२३ चा उन्हाळा लेकीकडे मिशिगनमध्ये गेला. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. मिरवणूक कसली, जत्राच ती. लोक सकाळपासून रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून पन्नास-साठ-सत्तर वर्षांच्या गाड्या पालखीच्या चालीनं सरकत राहतात. मीही टोपी घालून, भडंगाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात एक आकाशी रंगाची बुटकी गाडी आली. टपाला दोन्ही बाजूंनी बोटीच्या खिडकीसारखी गोल खिडकी. आत दोनच माणसं, आणि जागाही दोघांचीच. साधारण माझ्या वयाचे आजी-आजोबा होते. मी हात हलवला तर त्यांनीही हलवला.

नातू म्हणाला, "आजी, ही फोर्डची थंडरबर्ड. ही छप्पन सालची. पहिल्या वर्षी कंपनीनं धरलं होतं दहा हजार विकल्या जातील, आणि विकल्या गेल्या सोळा हजार."

गाडी निघून गेली, पण ते "धरलं होतं" माझ्या डोक्यात राहिलं. माझ्या माहेरी हे दोन शब्द सहसा कुणी उच्चारत नाही. का, ते पुढे येईल.

मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ करून घेतल्या, तहाची कलमं घोटून घेतली. पण लढाईला निघताना त्या माणसांनी काय धरलं होतं, मोहीम किती दिवसांत आटपेल असं त्यांना वाटत होतं, हे मुलांना कधी विचारलं नाही. पुस्तकात येतं ते घडलेलं. धरलेलं कुठेच येत नाही. मोटारींच्या इतिहासात मात्र धरलेला आकडा आणि झालेला आकडा शेजारी शेजारी लिहिलेले सापडतात, आणि म्हणून लेकीच्या घरी बसून मी तो उन्हाळाभर वाचत राहिले.

गोष्ट सुरू होते १९५३ च्या जानेवारीत, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात. जनरल मोटर्सचं 'मोटोरामा' नावाचं प्रदर्शन असे. त्यात शेवरोलेच्या नावानं एक पांढरी, दोन आसनी, उघडी गाडी ठेवली होती. कॉर्व्हेट. महायुद्धात इंग्लंडला गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी तिथल्या छोट्या एमजी पाहिल्या होत्या आणि परत आल्यावर तसल्या गाड्यांची थोडीफार हौस अमेरिकेत सुरू झाली होती. कंपनीचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांनी ते हेरलं. प्रदर्शनात तोबा गर्दी. ती बघून कंपनीनं गाडी बाजारात आणायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंट गावी पहिली गाडी बाहेरसुद्धा पडली.

इतक्या घाईनं केलेल्या गोष्टीचं जे होतं तेच झालं. बॉडी पत्र्याऐवजी फायबरग्लासची. पहिल्या वर्षी तीनशेच गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आत सगळं लाल. इंजिन मात्र शेवरोलेच्या नेहमीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनालाच जरा तालीम देऊन बसवलेलं, आणि गिअर दोनच, तेही आपोआप पडणारे. खिडक्यांना वरखाली होणाऱ्या काचा नाहीत, पाऊस आला की पडदे लावायचे. दाराला बाहेरून मूठ नाही, आत हात घालून उघडायचं. किंमत साडेतीन हजार डॉलर. त्यात साध्या शेवरोले दोन आल्या असत्या. त्या तीनशेंपैकी बऱ्याचशा नामांकित मंडळींना देण्याचं धोरण होतं, म्हणजे ज्याला खरंच घ्यायची होती तो दुकानातून हात हलवत परत.

पुढच्या वर्षासाठी कंपनीनं धरलं दहा हजार. सेंट लुईसच्या कारखान्यात त्या हिशेबानं तयारी केली. १९५४ सालच्या बनल्या ३,६४०, आणि वर्ष संपलं तेव्हा त्यातल्याही हजाराहून जास्त गाड्या गिऱ्हाइकाची वाट बघत उभ्या होत्या. १९५५ मध्ये किती बनवल्या? सातशे. मी आकडा दोनदा तपासला. सातशेच.

आमच्या गावच्या जत्रेत मौत का कुआँ यायचा. बाहेर इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नसे, आणि आत तिकीट काढून गेलेले तीस-चाळीस लोक. मोटोरामाची गर्दी त्यातलीच. बघायला पैसे पडत नव्हते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते काही फक्त आपल्याकडे नाही. सेंट लुईसच्या भटानं तर अख्खा कारखाना मांडला होता.

आता फोर्ड. त्यांची थंडरबर्ड १९५४ च्या ऑक्टोबरात विक्रीला आली. त्यांनी शहाणपणा असा केला की तिला स्पोर्ट्‌स कार म्हटलंच नाही. पोलादी बॉडी, आठ सिलिंडरचं इंजिन, वरखाली होणाऱ्या काचा, तीन हजारांच्या आतली किंमत, आणि गाडी म्हणजे तुमची स्वतःची ऐटबाज सवारी. धरलं दहा हजार. विकल्या गेल्या १६,१५५. त्याच वर्षी समोरच्या कॉर्व्हेट सातशे.

कॉर्व्हेट तिथंच संपायची. न संपायचं एक कारण थंडरबर्डच होती. जनरल मोटर्समध्ये झोरा आर्कस-डंटोव्ह नावाचे इंजिनिअर होते. ब्रसेल्समध्ये जन्मलेले, रशियन आईबापांचे, प्रदर्शनात कॉर्व्हेट बघून तिच्या प्रेमात पडून नोकरीला आलेले. १९५४ च्या ऑक्टोबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. त्याचा आशय असा की, फोर्ड मैदानात उतरत असताना आपण गाडी बंद केली तर ती आपल्या हाराची कबुली ठरेल, आतल्या माणसांच्या नजरेत आणि बाहेरच्यांच्याही. या गाडीचं मोल तिच्या विक्रीवरून ठरवू नका, तिच्यामुळे बाकीच्या सगळ्यावर काय परिणाम होतो त्यावरून ठरवा. अंदाज साफ चुकल्यावर आपल्याच साहेबांना असं लिहायला छाती लागते. ऐकणाऱ्यालाही लागते. गाडी वाचली. १९५५ मध्ये तिला आठ सिलिंडरचं इंजिन मिळालं, १९५६ मध्ये रूपच बदललं, खिडक्यांना काचा आल्या, दाराला मूठ आली. तरी त्या वर्षी ३,४६७ च. मग ६,३३९, मग ९,१६८. वर्षाला दहा हजारांचा टप्पा तिनं ओलांडला १९६० मध्ये. म्हणजे १९५४ सालचा अंदाज तसा खरा ठरला, फक्त सहा वर्षं उशिरा. पण कर्जाचा हप्ता सहा वर्षं थांबत नाही.

हप्त्यावरून आता माहेरची गोष्ट. धाकट्या, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. तुला विचारूनच लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाचं भोसरीला छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, तो आणि तीन पोरं. जॉबवर्क करायचे. १९९९ च्या सुमाराला एका मोटार कंपनीनं आपल्या जुन्या गाडीचं नवं रूप काढायचं ठरवलं. त्यातल्या एका लहानशा ब्रॅकेटचं काम याला मिळालं. परचेसच्या साहेबांनी आकडा सांगितला, महिन्याला आठ हजार नग. तेवढे नग आहे त्या मशीनवर निघणार नव्हते, म्हणून यानं बँकेचं कर्ज काढून पॉवर प्रेस घेतली, डाय करून घेतल्या, शेड वाढवली, आणखी चार पोरं ठेवली. पहिले दोन महिने आठ हजारांचं शेड्यूल आलं. पुढच्या महिन्यात पाच. मग अडीच. दिवाळीनंतर साडेसातशे. गाडीचं रूप बदललं, पण गिऱ्हाइकाचं मन काही बदललं नाही. कंपनीनं फसवलं असं नाही म्हणता येणार. त्यांनी धरलं होतं, यानंही धरलं. दोन वर्षांनी प्रेस आली त्याच्या निम्म्या भावात गेली, आणि तळेगावचा प्लॉटही गेला.

आणि मी, मोठी बहीण, शिक्षिका, त्याला भाचरांच्या मुंजीत चारचौघांत म्हणाले, "कुणी एक आकडा सांगितला आणि तू मशीन घेतलंस? चौथीतल्या पोरालाही कळतं रे." तो काहीच बोलला नाही. पंगतीत वाढायला निघून गेला.

असो. पुन्हा फोर्डकडे.

फोर्ड विभागाचे प्रमुख तेव्हा रॉबर्ट मॅकनामारा होते. हो, तेच, पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले, व्हिएतनामच्या युद्धाचे हिशेब आकड्यांनी मांडणारे, आणि मग जागतिक बँकेचे अध्यक्ष. युद्धकाळात हवाई दलाची आकडेमोड करणाऱ्या हुशार तरुणांचा एक गट १९४६ मध्ये फोर्डनं उचलला, त्यातले हे. यांनी थंडरबर्डकडे बघितलं. तीन वर्षांत मिळून ५३ हजार गाड्या. धरल्यापेक्षा जास्त होत्या, पण यांचा प्रश्न वेगळा होता. दोनच जागा असतील तर ही गाडी घेणार कोण? ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे तोच. पोरंबाळं असलेला माणूस कितीही आवडली तरी घेणार नाही. तेव्हा मागे दोन जागा काढा. जुन्या गाडीचे भक्त हळहळले, पण १९५८ च्या सुरुवातीला चार जणांची, लांबरुंद, चौकोनी थंडरबर्ड बाजारात आली.

वेळ याहून वाईट नव्हती. अमेरिकेत मंदी होती, मोटारींचा खप धडाधड कोसळत होता. तरी त्या वर्षी ३७,८९२ थंडरबर्ड खपल्या, आदल्या वर्षी २१,३८० होत्या. पुढच्या वर्षी ६७ हजारांवर, त्यापुढच्या वर्षी ९० हजारांच्या वर. मॅकनामारांचा हिशेब बरोबर निघाला. मला ती गाडी काही सुंदर वाटत नाही, फोटोत तरी ती कपाटासारखी दिसते. पण माझ्या आवडीला विचारतो कोण.

याच कंपनीनं, याच हंगामात, एडसेल नावाची संपूर्ण नवी गाडी आणली होती. १९५७ च्या ४ सप्टेंबरला मोठा गाजावाजा करून. कंपनीच्या संस्थापकाच्या मुलाचं नाव दिलेलं. पहिल्या वर्षी धरलं होतं दोन लाख. अमेरिकेत विकल्या गेल्या ६३,११०. १९५९ च्या नोव्हेंबरात बंद केली, आणि नुकसान २५ कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं सांगतात. लोकांना काय हवं याची पाहणी, नावांची पाहणी, सगळं झालं होतं. एका छपराखाली, एका वर्षात, एक अंदाज असा आणि एक तसा!

एडसेलबद्दल वाचताना मात्र मी कंपनीच्या २५ कोटींपाशी थांबले नाही. ती गाडी विकण्यासाठी हजाराहून जास्त विक्रेत्यांनी दुकानं मांडली होती. काहींनी चालू असलेली दुसऱ्या कंपनीची एजन्सी सोडून. फोर्डला नुकसान सोसलं. त्यांच्याकडे इतर गाड्या होत्या, थंडरबर्ड तर जोरात होती. त्या दुकानदारांकडे काय होतं? त्यांच्यातल्या कुणाच्या बहिणीनं मुंजीत, म्हणजे त्यांच्याकडे जे काही असेल त्यात, काय सुनावलं असेल, हे कुठल्याच पुस्तकात मला मिळालं नाही.

दोन आसनी थंडरबर्ड गेली तरी ती परत आणा म्हणून कंपनीकडे पत्रं येत राहिली. ही पत्रं ज्यांच्या नजरेत भरली ते ली आयकोका, १९६० मध्ये फोर्ड विभागाचे प्रमुख झालेले. त्यांचं १९८४ चं आत्मचरित्र आमच्या ह्यांच्या ऑफिसात हातोहात फिरत होतं, आमच्याही घरी आठवडाभर मुक्कामाला होतं. त्यातली एक हकिकत मला तेव्हाही आवडली होती. मस्टँग ही नवी गाडी तयार झाल्यावर त्यांनी डेट्रॉइट भागातल्या ५२ जोडप्यांना बोलावून दाखवली. किंमत काय असेल विचारलं, तर बहुतेकांनी हजारभर डॉलर जास्तच सांगितली. घ्याल का? नको. लहान आहे, महाग आहे. मग खरी किंमत सांगितली, अडीच हजारांच्या आत. त्यासरशी तीच मंडळी आपापल्या नकाराला फाटे फोडायला लागली. तसं बघितलं तर जागा पुरेल की! साडीच्या दुकानात मी हे स्वतः केलेलं आहे, त्यामुळे त्या ५२ जोडप्यांना हसणार नाही.

१७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आली. पहिल्या वर्षाला धरलं होतं एक लाख. पहिल्याच दिवशी २२ हजार मागण्या नोंदल्या गेल्या. आयकोकांनी मग लक्ष्य बदललं. त्यांच्याच फाल्कन गाडीचा पहिल्या वर्षाचा विक्रम ४,१७,१७४ चा होता, तो मोडायचा. वर्ष पूर्ण झालं तेव्हा आकडा होता ४,१८,८१२. डिअरबॉर्नचा कारखाना पुरेना म्हणून कॅलिफोर्नियात सॅन होजेला आणि न्यू जर्सीत मेटाचेनला ती बनवायला लागले. हाही अंदाज चुकलाच की, पण असा चुकला की कुणी चूक म्हणत नाही. प्रकाशझोतात येणारे साहेब एक लाखाचं बोलून चार लाख करतात तेव्हा ते द्रष्टे ठरतात.

पुढची मस्टँगची कथा थोडक्यात सांगते. दर नव्या रूपात ती वाढत गेली, जड होत गेली, आणि १९७१ साली खप दीड लाखाच्याही खाली आला. तेव्हा तिला पार छोटी करून 'मस्टँग टू' म्हणून १९७३ च्या सप्टेंबरात आणली. सुरुवात थंडच होती. पण ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि त्या हंगामात ३ लाख ८५ हजारांवर मस्टँग टू खपल्या. आपण तेव्हा रॉकेलच्या रांगेत होतो. त्या तेलाच्या तडाख्याचा हिशेब कुणी पाहणी करून मांडलेला नव्हता, पण श्रेय मात्र गाडीला मिळालं.

आणि दोन आसनी थंडरबर्ड? ती आली परत, २००२ सालचं मॉडेल म्हणून. अगदी जुनीच्या वळणाची, टपाला गोल खिडकीसुद्धा. वर्षाला २५ हजार धरल्या होत्या. पहिल्या हंगामात त्याहून जास्त खपल्या, काही विक्रेते छापील किमतीवर वरकड पैसे मागत होते. पत्रं लिहिणाऱ्यांनी, म्हणजे त्यांच्यातल्या हयात असलेल्यांनी, गाडी घेतली. आणि मग घेणारं कुणी उरलं नाही. पुढच्याच वर्षी खप निम्म्यावर आला, आणि २००५ मध्ये बंद केली. चार हंगामांत मिळून अडुसष्ट हजारांच्या आसपास. मॅकनामारांचा दोन जागांचा प्रश्न सत्तेचाळीस वर्षांनी तिथंच होता. ते २००९ पर्यंत होते, म्हणजे हे त्यांनी पाहिलं असेल.

मिशिगनहून परत आल्यावर मी भावाला फोन केला. मुंजीत बोलले त्याबद्दल माफी मागायची होती, पण चोवीस वर्षांनी ते कसं सुरू करायचं कळेना, म्हणून मी त्याला या गाड्याच सांगत बसले. कॉर्व्हेट, एडसेल, सगळं. तो त्याच्या सवयीप्रमाणे हूं हूं करत ऐकत होता. एडसेलच्या दुकानदारांपाशी आले आणि माझा आवाज जरा अडकला. त्याला ते कळलं असावं. मध्येच म्हणाला, "ताई, त्या सेंट लुईसच्या हजारभर गाड्या उरल्या म्हणालीस ना, त्यांचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, हळूहळू विकल्या गेल्या. आता त्या काळातली एखादी धड गाडी लिलावात आली की लोक लाखांत डॉलर मोजायलाही तयार होतात.

तो हसला. म्हणाला, "प्रेस नेली त्या माणसाकडं परवा गेलो होतो. अजून चालतीय. क्लच बदललाय फक्त."